आरसा कधी हँग होत नाही

मोठे ट्रक सोडले तर अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. पण मागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, जोडलं की त्यात दिसते फक्त ट्रेलरची पुढची भिंत! मग लोक ट्रेलरच्या पाठीवर वायरलेस कॅमेरा लावतात आणि निश्चिंत होतात. माझा आक्षेप इथेच आहे.

साधा हिशोब बघा. ट्रेलर साडेआठ फुटांपर्यंत रुंद, मोठा पिकअप जेमतेम पावणेसात. म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ फूटभर भिंत बाहेर. नेहमीच्या आरशात तीच दिसणार. कॅलिफोर्नियाचा कायदा तर म्हणतो, मागचा किमान २०० फूट रस्ता आरशात दिसलाच पाहिजे. म्हणून आधी बाहेर लांब येणारे टोइंग मिरर, मग कॅमेरा.

रिव्हर्स घेताना कॅमेरा हवाच. ट्रेलरच्या अगदी मागे उभं असलेलं मूल आरशात दिसत नाही. पण हायवेवर लेन बदलताना चित्र अर्धा सेकंद अडकलं तर? ताशी ६५ मैलांच्या वेगात तेवढ्यात गाडी ४८ फूट पुढे गेलेली असते.

एकाच वायरलेस लिंकवर आपण सर्व्हरसुद्धा चालवत नाही. मग मागे बायकापोरं बसलेली असताना का चालवायचं?