तक्ता कुणी केला?

कॉलेजच्या मैदानाशी माझा संबंध एवढाच, की बसथांब्यावरून वर्गावर जायला तेथून जवळची वाट आहे. तरीही गेल्या वर्षी प्राचार्यांनी मला ‘सर्वोत्तम खेळाडू’ निवडण्याच्या समितीवर घेतले. कारण विचारले तर म्हणाले, “तुम्हांला खेळातले काही कळत नाही, तेव्हा तुम्ही निःपक्षपाती राहाल!”

ढाल एक आणि दावेदार तीन. एक कुस्तीगीर, एक लांब पल्ल्याचा धावपटू आणि खो-खो खेळणारी एक मुलगी. ताकद पाहायची तर कुस्तीगीर, असे जिमखानाप्रमुख म्हणाले. दम पाहायचा तर धावपटू, असे गणिताच्या प्राध्यापकांचे मत पडले. वादाला तोंड फुटले. पण शेवट काही सापडेना.

तेव्हा मी पुढे सरसावलो. पेपर तपासणारा माणूस मी. निबंध आणि व्याकरण यांची तुलना आपण कुठे करतो? दोन्हींना गुण देतो आणि बेरीज करतो! तसा एक तक्ता मी तिथल्या तिथे करून दिला. जिल्ह्याला पाच गुण, विद्यापीठाला दहा. सांघिक खेळात मात्र निम्मे. कारण ते यश नऊ जणांत वाटले जाते. सर्वांनी माना डोलावल्या. बेरीज झाली आणि ढाल कुस्तीगिराला गेली.

समारंभ संपल्यावर ती मुलगी भेटली. रडली नाही, रागावली नाही. म्हणाली, “सर, एक विचारू? खो-खोत आम्ही तिघी-तिघी आत जातो. दोघी बाद झाल्या की तिसरी एकटीच नऊ जणींपुढे पळते. ते पळणं नऊ जणींत कसं वाटायचं?” मी गप्प. मग तिने हळूच विचारले, “तो तक्ता नावं येण्याआधी केला होता, की नंतर?”

वाचकहो, परीक्षक म्हणून आजवर मी पुष्कळ प्रश्न काढले आहेत. इतका अचूक प्रश्न मला एकदाही सुचलेला नाही.

घरी येऊन मी पुस्तके काढली. वेगवेगळे खेळ एका तराजूत घालण्याचा सर्वांत पद्धतशीर उद्योग म्हणजे डेकॅथलॉन. दोन दिवसांत दहा प्रकार, प्रत्येकाला तक्त्याप्रमाणे गुण आणि शेवटी बेरीज. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा रेफर जॉन्सन आणि तैवानचा सी. के. यांग समोरासमोर आले. दोघे मित्र, एकाच विद्यापीठात एकाच गुरूच्या हाताखाली तयार झालेले. दहांपैकी सात प्रकारांत यांग सरस ठरला. जॉन्सन पुढे राहिला तो फक्त गोळा, थाळी आणि भाला या तीन फेकींत; पण तेथे भरपूर पुढे. बेरीज झाली : जॉन्सन ८३९२, यांग ८३३४. सुवर्णपदक जॉन्सनला!

कथा येथे संपत नाही. १९६३ साली यांगने ९१२१ गुण मिळवून विक्रम केला. काचतंतूच्या लवचीक काठीमुळे बांबूउडी तेव्हा भलतीच उंच जाऊ लागली होती आणि त्या प्रकारात यांग वाकबगार. पुढच्या वर्षी नवा तक्ता लागू झाला आणि बांबूउडीचा भाव उतरला. टोकियोत यांग पाचवा आला. सगळा दोष तक्त्याचा, असे मी म्हणणार नाही. पण माणूस तोच, उडी तीच, आणि तिची किंमत मात्र एका कागदाने ठरवली!

याउलट आपल्या कुस्तीकडे पाहा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंत, उतरले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. त्यांना शंभर किलोंच्या मल्लाशी कुणी तोलले नाही आणि म्हणून त्यांचे ब्राँझ काही हलके झाले नाही. एकाच खेळात जो शहाणपणा लागतो, तो तीन खेळांत आम्ही गुंडाळून ठेवला.

तक्ते करू नयेत, असे माझे म्हणणे नाही. ढाल एकच असेल तर काहीतरी माप लागणारच. पण ताकदीला किती, दमाला किती, चपळाईला किती, हे निसर्ग सांगत नाही. ते आपण ठरवतो. निदान खेळ सुरू होण्याआधी ठरवावे आणि उघडपणे ठरवावे.

यंदा जूनमध्येच मी तक्ता सूचनाफलकावर लावला. सांघिक खेळाची निम्म्याची अट काढली; खो-खोत कोण किती वेळ टिकले, तेही धरले. ती मुलगी पदवी घेऊन केव्हाच गेली. तिला या तक्त्याचा काही उपयोग नाही.

ढालीवर गेल्या वर्षीचे नाव कुस्तीगिराचे आहे. पोरगा गुणी आहे. त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मैदानावरून वर्गावर जाताना ती ढाल आठवली, की वाटते, तिच्यावर तक्ता करणाराचेही नाव कोरायला हवे होते.