मशीन कपाटात आणि सासूबाई खोलीत

साताऱ्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. सासूबाईंचं वय ७४. दीड वर्षापूर्वी त्यांना पुण्याला नेऊन कानाचं मशीन घेतलं, चाळीस हजार मोजले. पंधरा दिवस घातलं, मग ‘डोकं भणभणतं’ म्हणून काढून ठेवलं ते अजून कपाटातच आहे. सासूबाई हल्ली आपल्या खोलीतून फारशा बाहेर येत नाहीत. ‘ह्यांचा तर मशीनचं नाव काढलं की संताप होतो,’ असं त्या लिहितात. आणि शेवटी एक वाक्य: ‘ताई, खरं सांगू? मला वाटतं, त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं. मुलाचं ऐकू येतं, माझंच येत नाही.’

हे वाक्य वाचलं आणि मी पत्र खाली ठेवलं. कारण अगदी हेच मी माझ्या सासूबाईंबद्दल बहिणीजवळ बोलले होते. एकदा नव्हे, चांगलं पाच-सहा वर्षं.

मैत्रिणींनो, त्यात ढोंग नसतं, बरं का. वयानं कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी वरच्या पट्टीचे, बारीक आवाज जातात. खालच्या पट्टीचे बरेच दिवस शाबूत राहतात. आता आपली भाषा पाहा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस. पण स, श, ट, क, थ ही व्यंजनं बारीक आणि हलकी. तीच ऐकू येईनाशी होतात. मग ‘ताप’ म्हटलं काय, ‘साप’ म्हटलं काय आणि ‘काप’ म्हटलं काय, कानात नुसतं ‘आप’ शिरतं. कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. त्यातून पुरुषांचा आवाज भरदार, खालचा. आपला आणि नातवंडांचा वरचा. म्हणून मुलाचं ऐकू येतं आणि सुनेचं येत नाही! किती घरांत यावरून बोलाचाली झाल्या असतील, देव जाणे.

आणि आपण काय करतो? ओरडतो. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, पण जी व्यंजनं ऐकू येत नव्हती ती बरीचशी तशीच राहतात. शिवाय अशा कानाला मोठा आवाज लवकर बोचतो. ‘ओरडतेस काय गं, मी बहिरी नाही,’ असं त्या म्हणतात ते मनापासूनच म्हणतात.

आता मशीनकडे येऊ. पूर्वी खिशात डबी आणि कानापर्यंत वायर असं मशीन असे. ते सरसकट सगळाच आवाज वाढवी, माणसाचा आणि बादलीचाही. १९९६च्या सुमारास पूर्णपणे डिजिटल मशीनं बाजारात आली आणि चित्र बदललं. ही मशीनं आवाजाचे पट्टे पाडतात आणि ज्या पट्टीत कान कमी, तिथेच भर घालतात. एकसारखा चालणारा पंख्याचा आवाज थोडा दाबतात, समोरून येणारं बोलणं उचलतात. हल्ली रात्री डबीत ठेवून चार्ज होणारी मिळतात, मोबाइल सरळ कानात ऐकवणारी मिळतात. हे सगळं छान आहे, पण माझ्या मते दुय्यम. कारण मशीन कितीही भारी असलं तरी ते त्या माणसाच्या कानाला बसवून घ्यावं लागतं.

शिंप्याकडून ब्लाऊज आणलं की आपण घालून बघतो ना? काखेत ओढतंय, गळा उतरतोय, मग एक शिलाई उसवून घेतो. चाळीस हजारांच्या मशीनला मात्र आपण दुसऱ्यांदा दाखवायला जात नाही! साताऱ्याच्या भगिनींच्या पत्रात पुन्हा पुण्याला गेल्याचा उल्लेखच नाही. ‘डोकं भणभणतं’ ही तक्रार म्हणजे ‘काखेत ओढतंय’ अशीच आहे. तीन-चार फेऱ्या होणारच, असं धरूनच चालावं. कानात बारीक नळी घालून, मशीनचा आवाज पडद्याजवळ प्रत्यक्ष किती पोचतो हे मोजता येतं. ही सोय आहे का, ते आधी विचारा. आणि कान तपासणारा ऑडिऑलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे ना, तेही. दोन्ही कान गेले असतील तर सहसा दोन मशीनं लागतात. एकावर भागवलं की आवाज कुठून येतो ते उमगत नाही.

आमची चूक निराळीच झाली होती. मशीन आणलं त्याच आठवड्यात सासूबाईंना लग्नाला नेलं. बँड, वाढप्यांची गडबड, दोनशे माणसं. बिचाऱ्या दोन्ही हातांनी कान झाकून बसल्या. ज्या मेंदूला वर्षानुवर्षं शांततेची सवय झाली, त्याला एकदम बाजारात नेऊन उभं केलं की दुसरं काय होणार? मग ऑडिऑलॉजिस्टबाईंनी क्रम घालून दिला. सकाळी दोन तास, घरात सामसूम असताना. मग एकाच माणसाशी गप्पा. मग टीव्ही. लग्नकार्यं सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, ‘भांडी एवढी आपटतेस कशाला?’ मला राग आला. मागून कळलं, त्यांना आपल्याच बांगड्यांचा आवाजही सहन होत नव्हता. सव्वा-दीड महिन्यात तो विरला.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण दुकानात हल्ली विसराळूपणाची भीती घालून मशीन विकतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२० आणि २०२४ साली, स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणा धरला आहे, हे खरं. पण २०२३ साली अमेरिकेतल्या सुमारे हजार वृद्धांवरच्या तीन वर्षांच्या अभ्यासात, सगळे मिळून पाहता मशीननं फरक पडला नाही. ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण जवळजवळ निम्मी झाली. तेव्हा हमी कोणी देत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. माणूस खोलीतून बाहेर येतो, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

थोडं घरातलं. सेलवरचा कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग तो मशीनमध्ये घालावा. त्याला हवा लागते. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवावं. पावसाळ्यात मशीन सिलिका जेलची पुडी घातलेल्या घट्ट डबीत ठेवा; घाम आणि दमट हवा त्याचे वैरी. आंघोळ आणि डोक्याला तेल लावण्यापूर्वी काढायचं, पुसायचं ते कोरड्या फडक्यानं. शिट्टी वाजत असेल तर कानात मळ आहे किंवा साचा नीट बसलेला नाही. मळासाठी हेअरपिन, काडी, लसणीचं कोमट तेल यांतलं काहीही नको. पडद्याला भोक असेल तर तेल आत उतरतं. कानाच्या डॉक्टरांकडे जा. आणि सेल नातवंडांपासून फार जपा. गिळला तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब इस्पितळ गाठायचं. एका रात्रीत अचानक एक कान गेला, तरी तसंच. त्या उपचारात दिवस मोजावे लागतात.

‘अमेरिकेतला मुलगा मशीन पाठवतो म्हणतो,’ असंही काहीजणी लिहितात. तिकडे २०२२च्या ऑक्टोबरपासून मोठ्या माणसांना चिठ्ठीशिवाय मशीन मिळू लागलं, पण ते सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठीच. आणि इथे ते जुळवून कोण देणार? पैशाची अडचण असेल तर वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी होते. साठीपुढच्या, कमी उत्पन्नाच्या मंडळींना २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कानाचं मशीनही धरलेलं आहे. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

साताऱ्याच्या भगिनींना एवढंच सांगते: मशीन बाहेर काढा. आधी सासूबाईंचे कान डॉक्टरांना दाखवा, नवा सेल घाला, आणि मशीन घेऊन त्यांच्यासह पुण्याला पुन्हा जा. ह्यांनाही बरोबर न्या. तोवर सासूबाईंशी समोर बसून, उजेडात, सावकाश बोला. आधी हाक मारा, मग विषय काढा. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. आणि ‘काही नाही, जाऊ द्या’ असं म्हणू नका. माझ्या सासूबाईंनी मागून सांगितलं, त्यांना सगळ्यात जास्त तेच लागायचं. ते मात्र त्यांना दर वेळी ऐकू येत होतं.

दोन महिन्यांनी काय झालं ते मला नक्की कळवा.