कॅमेरा चालू, पासवर्ड जुनाच

९ एप्रिल २०२५ पासून भारतात नवीन सीसीटीव्ही कॅमेरा विकायचा, तर सरकारमान्य प्रयोगशाळेत त्याची सायबर सुरक्षा चाचणी बंधनकारक झाली. चांगलंच झालं. पण भिंतीवर आधीच लागलेल्या कॅमेऱ्यांचं काय?

आमच्या ऑफिसच्या पार्किंगमधून एका सहकाऱ्याची बाइक चोरीला गेली. रेकॉर्डिंग काढायला गेलो, तर डीव्हीआरचं घड्याळ ४० मिनिटं मागे आणि पासवर्ड कंपनीतून आला तोच! एएमसी मात्र चालू होती. दर तीन महिन्यांनी माणूस येतो, काचा पुसतो, स्क्रीनवर चित्र दिसतंय ना बघतो आणि सही घेऊन जातो.

२०१६ मध्ये ‘मिराय’ या मालवेअरने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. त्यांच्याकरवी एका मोठ्या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अनेकांना उघडेनात. त्या कॅमेऱ्यांचं चित्र मात्र व्यवस्थित दिसत असणार.

म्हणून एएमसीच्या फॉर्मवर चार रकाने वाढवून घ्या: पासवर्ड बदलला का, फर्मवेअर अपडेट केलं का, घड्याळ जुळवलं का, जुनं रेकॉर्डिंग उघडून पाहिलं का. नवा नियम विक्रीपुरता आहे. लावलेला कॅमेरा आपल्यालाच सांभाळायचाय.