गेटवर गर्दी, वॉर्डात बिनपगारी कामगार

सरकारी रुग्णालयाच्या गेटवर पाटी असते : 'भेटण्याची वेळ सायंकाळी ४ ते ६'. ही वेळ ठरवताना नाक्यावरच्या मजुराला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला काम कधी सुटते, हे कुणी विचारले होते काय? चारला यायचे तर रोज बुडतो, सातला आले तर सुरक्षारक्षक हाकलतो. त्याच शहरातल्या खासगी रुग्णालयात पैसे मोजून खोली घेतली की नातेवाइकाला झोपायला कोच मिळतो. मग जंतू काय फक्त गरिबांचे नातेवाईक आणतात?

गर्दीने संसर्ग वाढतो, सिस्टर-डॉक्टरांवर हात उचलला जातो, हे आम्ही नाकारत नाही. हल्लेखोरांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तो वापरा. पण गर्दी आवरणे वेगळे आणि रुग्णाला एकटे पाडणे वेगळे.

खरी गोम वॉर्डात आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आम्ही रुग्णांसोबत रात्री काढल्या त्या वॉर्डात एका सिस्टरकडे चाळीसेक खाटा होत्या. स्ट्रेचर ढकलणे, रक्ताचा नमुना लॅबमध्ये पोचवणे, लघवीचे भांडे देणे, सलाईन संपली की हाक मारणे, हे सगळे नातेवाईकच करत होते. गेटवर जी 'गर्दी' तीच आत बिनपगारी कामगार! तिला बाहेर काढून रिकामी पदे भरली नाहीत, की ते काम सिस्टरच्या डोक्यावर येते. बाहेर फुटपाथवर बसलेल्यांना आतले काही कळत नाही, संशय वाढतो आणि शेवटी त्यांचा रागही तिच्यावरच निघतो. पदे न भरणारा मंत्रालयात सुरक्षित!

२०१६ साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी बाईजवळ सोबतीण राहू देण्याचे धोरण आणले. म्हणजे सोबतीचे मोल सरकारलाही कळते. मग अर्धांगवायू झालेल्या म्हाताऱ्यालाच सोबत का नको? आजारी भिक्खूकडे इतरांनी पाठ फिरवली, तेव्हा तथागतांनी आनंदाला घेऊन स्वतः त्याला अंघोळ घातली. त्यांना कुणी पास मागितला नव्हता.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक खाटेमागे एक चोवीस तासांचा मोफत पास द्या, घरच्यांना तो आळीपाळीने वापरू द्या. रोज ठरलेल्या वेळी डॉक्टरांनी नातेवाइकांशी बोलावे. आणि परिचारिकांची रिक्त पदे भरा. संविधानाच्या कलम २१ ने दिलेला सन्मानाने जगण्याचा हक्क रुग्णालयाच्या गेटवर जमा करून आत जायचा नसतो.

जय भीम!