लेखणीची उमेदवारी

चिटणीस, फडणीस, दफ्तरदार ही आडनावेच सांगतात, की आपल्यापैकी बरीच घराणी होळकरशाहीत टिकली ती लेखणीच्या बळावर. त्या लेखणीवर आता यंत्राने हक्क सांगितला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अंदाज केला, की कारकुनी कामांपैकी सुमारे २४ टक्के कामे अशा यंत्राच्या थेट आवाक्यात येतात. बहुतेक नोकऱ्या मात्र नाहीशा न होता त्यांचे स्वरूप पालटेल, असेही तिने म्हटले.

हे मान्य केले तरी माझी शंका निराळी आहे. पूर्वी दफ्तरात उमेदवार बसे. तो नकला करी, मसुदे लिही, वरिष्ठांची बोलणी खाई. त्यातूनच जाणता कारभारी घडे. नेमकी हीच कामे आज यंत्र क्षणात उरकते. मग उद्याचा कारभारी घडायचा कुठे? यंत्राचा मसुदा चुकला, हे ओळखायलाही शंभर मसुदे लिहिलेला माणूसच लागतो.

यंत्राशी वैर धरून भागणार नाही. पण नव्या माणसाने आधी स्वतः मसुदा करावा आणि मगच यंत्राचा पाहावा, एवढा दंडक कचेऱ्यांनी घालावयास काय हरकत आहे?