डायनाताई, आता प्रेक्षकांशी बोला

श्रीमती डायना टॉरासी यांस,


आमच्याकडे संघातल्या थोरल्या खेळाडूला मुली ताई म्हणतात, म्हणून मीही तुम्हाला डायनाताई म्हणते. मी सांगलीत शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. सिमेंटचं कोर्ट आहे, दोन रिंगा आहेत आणि पावसाळ्यात सगळं निसरडं होतं. सराव सकाळी सातला. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना इथे पहाटे साडेचारला लागतो, त्यामुळे पुष्कळदा मी सामना संपवून थेट मुलींसमोर उभी राहते.

मुलींच्या मोबाइलवर केटलिन क्लार्कच्या क्लिपा असतात. मध्ये आठवीतल्या एकीने मला त्यातली एक दाखवली. १ जून २०२४ चा सामना, इंडियाना फीवर विरुद्ध शिकागो स्काय. चेंडू अजून खेळात आलेलाही नाही आणि शिकागोची चेनेडी कार्टर क्लार्कला धक्का देते, क्लार्क खाली पडते. मुलगी म्हणाली, "मॅडम, या सगळ्या तिच्यावर जळतात ना?"

मी तिला धावायला पाठवलं, कारण दोन वाक्यांत द्यावं असं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. हे पत्र त्या उत्तरासाठी आहे, आणि ते तुम्हाला लिहिते आहे कारण त्या 'जळतात'ची सुरुवात लोकांनी तुमच्यापासून धरली.

एप्रिल २०२४ मध्ये क्लार्क डब्ल्यूएनबीएत, म्हणजे तुमच्या व्यावसायिक महिला लीगमध्ये, येण्याआधी आयोवा विद्यापीठाकडून शेवटचे सामने खेळत होती. टीव्हीवर तुम्हाला तिच्याबद्दल विचारलं. तुम्ही म्हणालात की आता खऱ्या जगाशी गाठ आहे. अठरा वर्षांच्या मुलींसमोर खेळताना माणूस अचाट वाटतो, इथे वर्षानुवर्षं व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेल्या बायका समोर असतात. एवढंच. पण तेवढ्यावर तुम्हाला मत्सरी ठरवलं गेलं. पुढच्या मोसमात क्लार्कला बसलेला प्रत्येक धक्का त्याच माळेत ओवला गेला.

मला तुमचं बोलणं वेगळं ऐकू आलं. कोल्हापूर-सांगलीच्या तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद पहिल्या दिवशी त्याचं कौतुक करत नाही, त्याला मातीत लोळवतो. ज्याच्यात काही दिसत नाही त्याच्यावर वस्ताद घाम गाळत नाही, हे तालमीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तुम्ही म्हणालात ते खरंही ठरलं. १४ मे २०२४ ला कनेटिकटविरुद्ध पहिल्याच सामन्यात क्लार्कने २० गुण केले आणि दहा वेळा चेंडू गमावला. मोसमाअखेर तिच्या नावावर २२३ टर्नओव्हर होते, एका मोसमातला लीगचा विक्रम. त्याच मोसमात ३३७ असिस्ट, तोही तेव्हाचा विक्रम. जुलैमध्ये डॅलसविरुद्ध एकाच सामन्यात १९ असिस्ट. मी मुलींना हे दोन्ही आकडे सांगते. थोरल्यांनी तिला सोपं काही दिलं नाही, म्हणून तिचे १९ असिस्ट १९ आहेत.

आणि ३० जूनला तुमच्या फिनिक्समध्ये तुमची-तिची पहिली गाठ पडली. फीवर ८८-८२ ने जिंकले, क्लार्कचे १५ गुण, १२ असिस्ट, ९ रिबाउंड. सामन्यानंतर तुम्ही तिचं मनापासून कौतुक केलंत, तिचं खेळावर प्रेम आहे हे आवडतं असं सांगितलंत. एप्रिलचं तुमचं वाक्य कोट्यवधी लोकांना पाठ आहे. जूनचं वाक्य माझ्या मुलींपैकी एकीलाही माहीत नव्हतं.

१९८९ मध्ये सियालकोटला वकार युनूसचा चेंडू सोळा वर्षांच्या सचिनच्या नाकावर बसला, रक्त आलं, तो खेळत राहिला. आमच्याकडे ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. वकार सचिनवर जळत होता असं त्यात कुणी म्हणत नाही. पुरुष खेळाडू नवख्याची परीक्षा घेतो तेव्हा तो खेळ असतो. बाई घेते तेव्हा लगेच 'बाईच बाईची वैरीण'. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे, आणि ते अमेरिकेतही तितकंच सहज चालतं हे पाहून मला फार वाईट वाटलं.

थोरल्यांच्या मनात काहीच सल नव्हता असं मी म्हणत नाही. सल होता आणि तो का होता हे माझ्या मुलींना कळायला हवं. तुम्ही २००४ मध्ये लीगमध्ये आलात. २०१५ मध्ये ऐन भरात असताना तुम्ही तो मोसम खेळलाच नाहीत, कारण रशियातल्या येकातेरिनबुर्गच्या संघाने तुम्हाला विश्रांतीसाठी पैसे दिले. तिथे पंधरा लाख डॉलरच्या आसपास मिळत होते, आणि घरच्या लीगचा पगार एक लाखाच्या थोडा वर. तुमची तेव्हाची सहखेळाडू ब्रिटनी ग्राइनर २०२२ मध्ये रशियात पकडली गेली आणि जवळपास दहा महिने कैदेत राहिली, तीही त्याच पैशांसाठी तिथे खेळत होती. वर्षानुवर्षं हिवाळे परदेशात, उन्हाळे घरी, प्रवास सर्वसाधारण विमानांच्या अरुंद खुर्च्यांत गुडघे दुमडून. २०२४ मध्ये लीगने सगळ्या संघांना खास विमानं दिली. इंडियानाच्या घरच्या सामन्याला आदल्या वर्षी सरासरी चार हजारांच्या आसपास लोक येत, त्या वर्षी सतरा हजार. ज्यांनी रिकाम्या बाकांसमोर उमेदीची वर्षं घालवली त्यांना विचारलं जात होतं, "क्लार्कचे आभार मानलेत का?" कुणालाही लागेल. (क्लार्कचा स्वतःचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता, हेही मी मुलींना सांगते. तेव्हा त्या गप्प होतात.)

याहून जास्त मला लिनेट वुडर्ड यांचं दुखणं समजतं. त्यांनी १९७७ ते १९८१ या काळात कॅन्ससकडून ३,६४९ गुण केले. तेव्हा मुलींच्या स्पर्धा वेगळ्या संघटनेच्या होत्या, म्हणून कॉलेज-खेळांची आजची संघटना एनसीएए तो आकडा आपल्या पुस्तकात धरतच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लार्कने एनसीएएच्या पुस्तकातले केल्सी प्लमचे ३,५२७ गुण ओलांडले आणि सर्वकालीन विक्रम म्हणून आतषबाजी झाली, तेव्हा वुडर्ड यांचा आकडा अजून वरच होता. दोन आठवड्यांनी क्लार्कने तोही गाठला, पण त्याचा गाजावाजा त्या मानाने कितीतरी कमी. मग त्या म्हणाल्या की आपला विक्रम मोडला असं वाटत नाही. त्यांच्या काळात तीन गुणांची रेषा नव्हती, चेंडूही पुरुषांच्याच आकाराचा. पुढे त्यांनी ते बोलणं मवाळ केलं. ज्या बाईचं नावच वहीत नाही, तिला नवी मुलगी पुढे गेली म्हणून टाळ्या वाजवायला सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. आणि तरीही, त्या तसं बोलल्या त्याआधीच ३ मार्चला, ज्या सामन्यात क्लार्कने पुरुषांमधल्या पीट मॅराविच यांचे ३,६६७ गुण मागे टाकले, त्या सामन्याला वुडर्ड आयोवात हजर होत्या.

थोरल्यांपैकी शेरिल स्वूप्स मात्र चुकल्या. त्यांनी क्लार्कचं वय, तिची कॉलेजातली वर्षं आणि ती एका सामन्यात किती नेम मारते, सगळंच चुकीचं सांगितलं. पण मग त्यांनी चूक कबूल केली आणि क्लार्कशी स्वतः संपर्क साधला. असं झालं की संघ सावरतो.

प्रेक्षकांचं मात्र काही सावरलं नाही. कार्टरच्या धक्क्याचा निवाडा लीगने दुसऱ्या दिवशी केला, साधा फाउल फ्लॅग्रंट, म्हणजे गंभीर, ठरवला. माझ्या मते तो धक्का वाईटच होता आणि निवाडा योग्य होता. तिथे विषय संपायला हवा होता. चार दिवसांनी शिकागोचा संघ वॉशिंग्टनच्या हॉटेलात शिरत असताना एका माणसाने कॅमेरा घेऊन कार्टरला गाठलं. सप्टेंबरमध्ये प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात कनेटिकटच्या डिजोने कॅरिंग्टनचं बोट क्लार्कच्या डोळ्याला लागलं. ते मुद्दाम नव्हतं, हे क्लार्कने स्वतः सांगितलं. तरी कॅरिंग्टनला वर्णद्वेषी शिव्या आणि अत्याचाराच्या धमक्या आल्या. त्याच संघाची अलिसा थॉमस म्हणाली की अकरा वर्षांच्या कारकिर्दीत इंडियानाच्या चाहत्यांकडून ऐकलं तसं वर्णद्वेषी बोलणं तिने कधी ऐकलं नव्हतं. हे प्रेक्षक बास्केटबॉलसाठी आलेच नव्हते. त्यांना एक गोरी मुलगी आणि तिच्याभोवती काळ्या मुली एवढंच दिसत होतं, आणि त्या चित्रात त्यांनी आपला जुना द्वेष भरला.

क्लार्कने त्यांना चाहते मानायला नकार दिला. डिसेंबरमध्ये तिने गोरी असल्याचा आपल्याला फायदा मिळतो हे मान्य केलं आणि ही लीग काळ्या खेळाडूंनी उभी केली असं म्हणाली, तर तिलाही शिव्या बसल्या. बावीस वर्षांच्या मुलीने हे केलं. लीगच्या कमिशनर कॅथी एंगलबर्ट यांना त्याआधी सप्टेंबरमध्ये टीव्हीवर याच विषावर विचारलं, तेव्हा त्या पुरुषांच्या लीगमधल्या लॅरी बर्ड आणि मॅजिक जॉन्सन यांच्या जुन्या चढाओढीबद्दल, आता कुणी उदासीन राहिलेलं नाही याबद्दल बोलल्या. नंतर त्यांनी माफी मागितली. पण खेळाडूंना पहिलं उत्तर आठवतं. मलाही.

आता माझं सांगते. कॉलेजात मी सिनिअर असताना आमच्या संघात इचलकरंजीची एक मुलगी आली. उंच, लांबून अचूक नेम, आणि पहिल्याच आठवड्यात वर्तमानपत्रात फोटो. आम्ही तिला स्क्रीनवर आडवं केलं, लेअपला गेली की खांदे लावले. त्याचा मला आज पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो याचा की महिनाभर आम्ही तिला मोकळी असतानाही पास दिला नाही. ते खेळाचं नव्हतं. मग एका गावातल्या सामन्यात तिथली पोरं तिच्या रंगावरून घाणेरडं ओरडायला लागली. आमच्या कॅप्टनने टाइमआउट घेतला, आम्ही चौघी तिला मध्ये घेऊन प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिलो आणि कॅप्टन त्या पोरांना म्हणाली, "हिला बोलायचं तर आधी आम्हाला बोला." त्या दिवसापासून पास जायला लागले.

तो न दिलेला पास मला २०२५ च्या ऑल-स्टार मतदानात पुन्हा दिसला. गार्डच्या जागेसाठी चाहत्यांनी क्लार्कला पहिलं ठेवलं, पत्रकारांनी तिसरं, खेळाडूंनी नववं. दुखापतींमुळे ती त्या वर्षी थोडेच सामने खेळली होती हे धरूनही नववा क्रमांक मला पटत नाही. तुमच्या मैत्रिणींबद्दल मी हे लिहिते आहे आणि मला ते लिहायला आवडत नाही, पण चाहत्यांवरचा राग त्या मतपत्रिकेत उतरला असं मला वाटतं. त्याच वर्षी पेज बेकर्स आली, ४४ गुणांचा सामना खेळली, सर्वोत्तम नवोदित ठरली. तिलाही कुणी फुलांवरून चालवलं नाही. फक्त तिच्या प्रत्येक फाउलवर कुणी देशभर भांडण पेटवलं नाही, म्हणून तिला निवांत शिकता आलं.

तुम्ही फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्त झालात. १०,६४६ गुण, तीन अजिंक्यपदं, सहा ऑलिम्पिक सुवर्णं. आता तुम्हाला कुणाविरुद्ध खेळायचं नाही, त्यामुळे मत्सराचा शिक्का तुमच्यावर मारता येणार नाही. म्हणून ही विनंती. पुढच्या मोठ्या नव्या मुलीच्या वेळी टीव्हीवाले तुम्हालाच बोलावतील. तिला सांगायचं ते तसंच सांगा, धार मुळीच कमी करू नका. मग कॅमेऱ्याकडे वळा आणि प्रेक्षकांनाही तितक्याच कडक शब्दांत सांगा: आम्ही हिला धडका देऊ, तो आमचा खेळ आहे, तिच्या नावाने आमच्यापैकी कुणाला जातीवरून, रंगावरून, घरादारावरून बोलाल तर तुम्ही तिचे कुणी नाही.

तुमचं तेवढं एक वाक्य मला हवं आहे. आठवीतल्या त्या मुलीला मी ते दाखवीन.

आपली,
सांगलीतली एक बास्केटबॉल प्रशिक्षक