रूथ ब्राउनकडे कंपनीची उधारी?

रूथ ब्राउनवर लिहिणारे एक शब्द हमखास वापरतात: 'विस्मृतीत गेलेली गायिका'. हा शब्द लबाड आहे. तिला कुणी विसरलं नव्हतं. तिच्या नावाचं खातं कंपनीत चालूच होतं, फक्त त्यात ती कर्जदार होती.

व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथची ही काळी मुलगी १९४९ साली अटलांटिक रेकॉर्ड्स या नवख्या कंपनीत आली. १९५० चं 'टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आईज' रिदम अँड ब्लूजच्या यादीत अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे अटलांटिकला लोक 'रूथने बांधलेलं घर' म्हणू लागले. घर तिने बांधलं, सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर.

दक्षिणेतल्या तिच्या कार्यक्रमांत काळे आणि गोरे प्रेक्षक मधे दोरी बांधून वेगळे ठेवत. त्या दोरीवर बरंच लिहिलं गेलं आहे. वहीवर कमी. स्टुडिओचं भाडं, वादकांची बिदागी, सगळा खर्च गायिकेच्या खात्यावर टाकायचा आणि तो फिटेपर्यंत रॉयल्टी द्यायची नाही. फिटला की नाही, हे सांगणार तीच कंपनी! साठच्या दशकात ही बाई मुलं वाढवायला लोकांच्या घरी कामाला जात होती, शाळेची बस चालवत होती. तेव्हाही वहीत तीच देणेकरी.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. सावकार-कुलकर्ण्यांची लेखणी काय करते, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. त्यांच्या वाचकाला ही वही नवी वाटू नये.

गोऱ्या गायकांचेही करार असेच होते, असा युक्तिवाद होतो. काहींचे होते. सावकारानेही सगळ्याच जातींना नाडलं. पण कर्जात पिढ्या कुणाच्या गेल्या, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हॉवेल बेगल या वकिलाला सोबत घेऊन ती कित्येक वर्षं भांडली. १९८८ साली अटलांटिकने तिचं आणि तिच्या काळातल्या इतर अनेक कलाकारांचं 'कर्ज' पुसलं. याला कंपनीचा मोठेपणा म्हणणारेही निघाले. जे कर्ज मुळात नव्हतं, ते माफ करण्यात कसला मोठेपणा?

रॉयल्टी दिली ती मागच्या वीसेक वर्षांची. तिची गाणी धडाधड खपली ती वर्षं त्याच्याही आधीची होती.